मुन्शीजींचा शब्द, उस्मान शेखांचे घर

रमजानच्या महिन्यात मशिदीत आई-वडिलांच्या हक्कांविषयी पुष्कळ ऐकायला मिळते. शेजाऱ्याच्या हक्कांविषयीही. हे दोन्ही हक्क एकाच आयुष्यात पाहायचे असतील, तर महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र आठवावे.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे; पेशव्यांना फुले पुरवता पुरवता फुले झाले. आई चिमणाबाई लहानपणीच गेल्या. वडील गोविंदराव आणि नात्यातल्या सगुणाबाई यांनी त्यांना वाढवले. गोविंदरावांनी मुलाला शाळेत घातले, पण शिकून माळ्याचा पोर बिघडेल, मळ्यातल्या कामाचा राहणार नाही, असे कुणीतरी त्यांच्या मनात भरवले. शाळा सुटली, हातात खुरपे आले. मुलगा दिवसभर मळ्यात राबे आणि रात्री दिव्याजवळ पुस्तक घेऊन बसे.

ही ओढ शेजारच्या गफ्फार बेग मुन्शी यांनी ओळखली. ते उर्दू-फारसीचे शिक्षक. लिजिट नावाच्या इंग्रज गृहस्थांच्या साथीने त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली. बापाने ऐकले. १८४१ मध्ये, चौदाव्या वर्षी, जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ लागले.

पुढचा पेच याहून कठीण होता. १८४८ मध्ये जोतीरावांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवू लागल्या. गावाने धर्म बुडाल्याची ओरड केली आणि सगळा दाब गोविंदरावांवर आला. बहिष्कार पडला तर धंदा, सोयरीक, पंगत, सारेच तुटणार होते. शाळा सोडा, नाहीतर घर सोडा, असे त्यांनी मुलाला आणि सुनेला सांगितले. १८४९ साली दोघे घराबाहेर पडले. जोतीराव बावीस वर्षांचे, सावित्रीबाई अठरा.

गोविंदरावांना खलनायक ठरवणे सोपे आहे. पण ज्या बापाने शेजाऱ्याचे ऐकून मुलाला पुन्हा शाळेत धाडले, त्यानेच हा निर्णय घेतला. मुलगा शिकावा असे त्यांना वाटत होते. मुलगा लोकांच्या लेकींना शिकवू लागला, तेव्हा त्याची किंमत साऱ्या घराला मोजावी लागणार होती. ती भीती खरी होती. जोतीरावांचा निर्धारही तितकाच खरा होता.

या वेळी उस्मान शेख पुढे आले. गंज पेठेतल्या आपल्या घरात त्यांनी या जोडप्याला आसरा दिला. त्यांची बहीण फातिमा शेख सावित्रीबाईंसोबत शाळेच्या कामात उतरल्या. १८५६ मध्ये आजारपणामुळे माहेरी गेलेल्या सावित्रीबाईंना, आपल्यामागे कामाचा भार फातिमावर पडत असेल, याची काळजी होती. पत्रात त्यांनी ती लिहिली.

गोविंदराव १८६८ मध्ये वारले. त्याच वर्षी जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पुढे त्यांनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. त्याचे लग्न ठरवताना मुला-मुलीची आधी ओळख व्हावी म्हणून नियोजित सुनेला घरी आणून ठेवले. १८८९ मध्ये सत्यशोधक पद्धतीने लग्न लागले. बापाची इच्छा आणि मुलाची इच्छा यांच्यातला ताण स्वतः सोसलेल्या माणसाने बाप झाल्यावर मुलाचे मनही विचारात घेतले. यशवंत डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंसोबत रुग्णसेवेत उतरला. त्याच सेवेत सावित्रीबाई गेल्या.

आपल्या चामोर्शीच्या आसपासही रोवणीच्या दिवसांत पोराला बांधीत न्यायचे की शाळेत पाठवायचे, बारावीनंतर मुलीला नागपूरला शिकायला धाडायचे की स्थळ पाहायचे, असे वाद घराघरांत होतात. बाहेरचा माणूस अशा वेळी कान भरू शकतो, किंवा मुन्शीजींसारखा बापाजवळ बसून चार शब्द बोलू शकतो. ते शब्द कामी आले नाहीत, तर उस्मान शेखांसारखे दार उघडू शकतो. शेजाऱ्याचा हक्क इफ्तारच्या ताटाबरोबर संपत नाही.