संत गोरोबाकाका आणि नामदेवांचे कीर्तन

तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर हे गाव प्राचीन काळी तगर या नावाने प्रसिद्ध होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात या बाजारपेठेचा उल्लेख आढळतो, आणि तेथील उत्खननांत सापडलेल्या भाजक्या मातीच्या मूर्ती गावातील संग्रहालयात पाहावयास मिळतात. १९५६ साली राज्यपुनर्रचना होईपर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यातच होता. त्यामुळे हैदराबादच्या मराठी वाचकाला तेर कधी परके वाटले नाही. याच मातीत संत गोरोबा कुंभार होऊन गेले.

परंपरेनुसार गोरोबांचा जन्म १२६७ सालचा. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या मेळ्यात ते वयाने वडील, म्हणून सर्व संत त्यांना आदराने काका म्हणत. संतमंडळींपैकी कोणाचे मडके कच्चे हे त्यांनी थापटण्याने पारखले आणि नामदेवांना कच्चे ठरविले, ही कथा सर्वश्रुत आहे. पुढे विसोबा खेचरांना गुरू करून नामदेवांनी ती उणीव भरून काढली. इतरांची पारख करणाऱ्या या काकांच्या स्वतःच्या संसारावर जो आघात झाला, त्याची कथा संतचरित्रकार महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथात विस्ताराने सांगितली आहे.

पत्नी संती पाण्याला गेली होती. अंगणात गोरोबा चिखल तुडवीत होते आणि मुखाने विठ्ठलनाम चालले होते. रांगते मूल त्या चिखलात आले, ते त्यांच्या ध्यानात आले नाही. आणि पोटचा गोळा बापाच्याच पायांखाली तुडविला गेला. संती परतली तेव्हा तिने आकांत मांडला. ज्या नामाच्या नादात मूल गेले त्या नामालाच तिने दोष दिला. समाधी भंगलेले गोरोबा संतापून तिच्या अंगावर धावले, तेव्हा आपल्याला स्पर्श न करण्याची तिने त्यांना विठ्ठलाचीच शपथ घातली.

ती शपथ गोरोबांनी अक्षरशः पाळली. वंश खुंटेल या भीतीने संतीने आपल्या धाकट्या बहिणीशी, रामीशी, त्यांचे लग्न लावून दिले. परंतु दोघी मुलींना सारखेच वागवावे असे सासऱ्याने सांगताच गोरोबांनी तोच निर्बंध रामीलाही लावला. एका रात्री झोपेत त्या दोघींनी त्यांचे हात आपल्या अंगावर ठेवून घेतले. जाग येताच शपथ मोडली या जाणिवेने व्याकूळ होऊन त्यांनी आपले दोन्ही हात तोडून टाकले. ज्याचे पोट हातांवर, त्या कुंभाराने हात गमावले. स्वतः पांडुरंग विठू कुंभार होऊन त्यांच्या घरी राबला, असे महिपती सांगतात.

पुढे आषाढी वारीला गोरोबा दोघी पत्नींसह पंढरीस गेले. नामदेवांचे कीर्तन रंगले होते. टाळी वाजविण्यासाठी सर्वांचे हात वर गेले, तेव्हा गोरोबांनीही आपली थोटी मनगटे उंचावली. आणि त्यांना पुन्हा हात फुटले. ते पाहून संतीने देवाजवळ आपले मूल मागितले, आणि चिखलात हरवलेले ते बाळ कीर्तनाच्या गर्दीतून रांगत आईकडे आले.

ही कथा भाविकाने चमत्कार म्हणून ऐकावी, चिकित्सकाने रूपक म्हणून वाचावी. नामदेवांचे स्थान मात्र दोन्ही रीतींनी एकच राहते. त्यांनी अंगारा दिला नाही, मंत्र घातला नाही. ते कीर्तन करीत राहिले, आणि उपकाराचे श्रेय परंपरेने विठ्ठलाकडेच ठेवले. गोरोबांचे मूल गेले ते एकांतातील तल्लीनतेत, हात गेले तेही एकट्याने घेतलेल्या निर्णयाने. दोन्ही परत मिळाले ते मात्र चारचौघांत, एका टाळीच्या ठेक्यावर. ज्या नामावर संतीचा रोष होता, त्याच नामाच्या गजरात तिला न्याय मिळाला. तिचे दुःख कथेने दडपले नाही. तिची मागणी पुरी झाल्याखेरीज कथा संपतही नाही. आणि हे घडले ते ज्यांचे मडके काकांनी एकदा कच्चे म्हटले होते, त्यांच्याच कीर्तनात. वारकरी पंथात परीक्षक आणि परीक्षार्थी ही नाती कायमची नसतात, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

गोरोबांनी १३१७ साली चैत्र वद्य त्रयोदशीला तेर येथे समाधी घेतली. त्यांच्या नावावरचे अभंग मोजकेच आहेत. पण त्यांच्या चरित्राने भाषेच्या सीमा सहज ओलांडल्या. १९७४ साली कन्नडमध्ये ‘भक्त कुंबार’ आणि १९७७ साली तेलुगूमध्ये ‘चक्रधारी’ हे चित्रपट त्यांच्यावर निघाले. तेरणाकाठचा हा कुंभार अशा रीतीने मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषांच्या घरांत आपला मानला गेला.