इन्कम टॅक्सशी वैर धरलेला अर्थमंत्री

बजेटच्या दिवशी आपल्याकडे घरोघरी एकच प्रश्न असतो, तो म्हणजे 'इन्कम टॅक्सचं काय झालं?' बाकी तूट, महसूल, कर्ज हे शब्द कानावरून जातात. आपण इंजिनिअरिंगची मुलं तर अर्थशास्त्र म्हटलं की दोन हात लांबच! पण मागच्या सुट्टीत मी एका माणसाबद्दल वाचायला घेतलं आणि गुंतत गेलो. हा माणूस ब्रिटनचा चार वेळा पंतप्रधान झाला आणि त्याने डझनभर बजेटं मांडली. इन्कम टॅक्स कायमचा बंद करायचा हे त्याचं आयुष्यभराचं स्वप्न होतं, आणि त्याच स्वप्नाचं वचन देऊन तो निवडणूक हरला! त्याचं नाव विल्यम एवर्ट ग्लॅडस्टन. अर्थमंत्र्याची ती प्रसिद्ध लाल पेटी आहे ना, ती १८६० च्या सुमारास याच्याचसाठी बनवली होती. एक-दोघांचा अपवाद सोडला तर पुढचे अर्थमंत्री २०१० पर्यंत तीच पेटी वापरत होते.

ग्लॅडस्टनचा जन्म २९ डिसेंबर १८०९ चा, लिव्हरपूलमधला. वडील बडे व्यापारी. पण ही श्रीमंती कुठून आली हेही सांगायला हवं. दक्षिण अमेरिकेतल्या डेमेरारा भागात त्यांचे उसाचे मळे होते आणि तिथे गुलाम राबत होते. १८३३ मध्ये ब्रिटनने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला तेव्हा सरकारने भरपाईसाठी दोन कोटी पौंड काढले. ते गुलामांना नाही, मालकांना! ग्लॅडस्टनच्या वडिलांच्या वाट्याला त्यातले एक लाखाहून अधिक पौंड आले. त्याच वर्षी तरुण खासदार ग्लॅडस्टन मळेवाल्यांच्या बाजूने पार्लमेंटमध्ये बोलला होता. पुढे जनतेचा पै न् पै जपणारा म्हणून नाव मिळवलेल्या माणसाची सुरुवात ही अशी होती.

अभ्यासात मात्र गडी पक्का. ऑक्सफर्डला १८३१ मध्ये त्याने अभिजात भाषा आणि गणित या दोन्ही विषयांत पहिला वर्ग मिळवला. राजकारणात तो हुजूर पक्षातून शिरला आणि रॉबर्ट पील या पंतप्रधानाच्या हाताखाली तयार झाला. आपल्या कामाची एक गोष्ट इथे सांगतो. व्यापार खात्यात असताना त्याने १८४४ चा रेल्वे कायदा आणला. नव्या प्रवासी रेल्वेमार्गावर रोज निदान एक गाडी अशी हवी की जिचं भाडं मैलाला एक पेनीपेक्षा जास्त नाही, वेग थांबे धरून ताशी १२ मैलांपेक्षा कमी नाही, आणि डब्याला छप्पर आहे. तोपर्यंत गरीब प्रवासी उघड्या डब्यात पाऊस खात जायचे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. इन्कम टॅक्स ब्रिटनमध्ये १७९९ साली फ्रान्सबरोबरच्या युद्धासाठी आला. युद्ध संपल्यावर १८१६ मध्ये तो रद्द झाला. मग १८४२ मध्ये सरकारी जमाखर्चात तूट आली म्हणून पीलने तो परत आणला. वर्षाला १५० पौंडांवर कमाई असणाऱ्यांना पौंडामागे ७ पेन्स. तेव्हा पौंडाचे २४० पेन्स होत, म्हणजे झाले साधारण २.९ टक्के. मुदत फक्त तीन वर्षं. 'तात्पुरता' हा शब्द सरकारी कागदावर दिसला की आपण काय समजतो? तेच झालं!

१८४६ मध्ये धान्यावरच्या आयातकराच्या प्रश्नावरून हुजूर पक्ष फुटला. पील आणि ग्लॅडस्टन एका बाजूला, तर बेंजामिन डिझरायली दुसऱ्या बाजूला. या दोघांचं वैर पुढे तीस-पस्तीस वर्षं चाललं. डिसेंबर १८५२ मध्ये डिझरायली अर्थमंत्री होता. त्याच्या बजेटवरची चर्चा रात्री उशिरापर्यंत रंगली. त्याचं उत्तराचं भाषण संपलं की मतदान, हा प्रघात. पण ग्लॅडस्टन मध्यरात्र उलटून गेल्यावर उठला आणि त्या बजेटमधल्या आकड्यांच्या चिंध्या केल्या. २८६ विरुद्ध ३०५ मतांनी बजेट पडलं, सरकारही पडलं, आणि नवा अर्थमंत्री झाला स्वतः ग्लॅडस्टन. अर्थमंत्र्याचा झगा जुन्याने नव्याला द्यायचा अशी रीत होती. डिझरायलीने तो दिलाच नाही! दोघांत कडक भाषेतली पत्रापत्री झाली, पण झगा डिझरायलीच्याच घरी राहिला.

१८ एप्रिल १८५३ ला ग्लॅडस्टनने पहिलं बजेट मांडलं. भाषण पावणेपाच तासांचं. (आपलं एक लेक्चर पन्नास मिनिटांचं असतं आणि तरी आपण घड्याळ बघतो!) त्याने साबणावरचा कर काढला, शंभराहून अधिक वस्तूंवरची जकात रद्द केली आणि तेवढ्याच वस्तूंवरची कमी केली. आणि इन्कम टॅक्सचं वेळापत्रकच लावून दिलं. दोन वर्षं ७ पेन्स, मग दोन वर्षं ६, मग तीन वर्षं ५, आणि १८६० मध्ये शून्य.

या कराचा एवढा राग का? त्याचं म्हणणं असं की हा कर सरकारला फार सोपा पडतो. एक पेनी वाढवली की पैसा हजर, मग खर्चाला धरबंध राहत नाही आणि युद्धाचा मोह होतो. हॉस्टेलच्या मेसचं उदाहरण घ्या. महिनाअखेरीला बिल सगळ्यांना सारखं वाटून लावायचंच आहे हे ठाऊक असलं की आठवड्यातून दोनदा फीस्ट ठरते. खिसा आधी दाखवायला लागला की हात आखडतो.

पण वेळापत्रक युद्धाने उधळलं. १८५४ मध्ये ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरला. आता पैसा कुठून आणायचा? ग्लॅडस्टनचा हट्ट होता की कर्ज न काढता युद्धाचा खर्च करातूनच भागवायचा, म्हणजे लोकांना युद्धाची किंमत आजच कळेल. थोडक्यात, ऋण काढून सण नको. त्यासाठी त्याने स्वतःच्या हाताने इन्कम टॅक्स दुप्पट केला, ७ पेन्सचा १४! त्याच्यामागून आलेल्या अर्थमंत्र्याने तो १६ पर्यंत नेला आणि शिवाय कर्जही काढलं. १८६० उजाडलं तेव्हा पुन्हा अर्थमंत्री असलेल्या ग्लॅडस्टनला शून्याऐवजी १० पेन्सचा दर लावावा लागला.

त्याच काळात मात्र त्याने काही टिकाऊ कामं केली. कागदावरचा कर काढायचं विधेयक १८६० मध्ये उमरावांच्या सभेने फेटाळलं. ग्लॅडस्टनने पुढच्या वर्षी सगळे कर एकाच वित्त विधेयकात बांधले. घ्या तर सगळं घ्या, नाहीतर सगळं फेटाळा! उमरावांनी मुकाट्याने मान्य केलं, आणि कागद स्वस्त झाल्याने वर्तमानपत्रं सामान्य माणसाच्या हातात आली. १८६१ मध्येच पोस्टाची बचत बँक आणि लोकलेखा समिती, आणि १८६६ मध्ये सरकारी खर्च तपासणारा महालेखापरीक्षक. आपल्याकडे 'कॅग'चा अहवाल आला की दिल्लीत खळबळ होते ना? त्या पदाचं मूळ या १८६६ च्या कायद्यात आहे.

१८६८ मध्ये ग्लॅडस्टन उदारमतवादी पक्षाचा पंतप्रधान झाला. १८७३ पर्यंत इन्कम टॅक्स ३ पेन्सवर, म्हणजे सव्वा टक्क्यावर आला होता. तिजोरीत शिल्लक होती. लष्कर आणि आरमार खात्यांनी खर्च थोडा कापला की कर बंद! पण त्या खात्यांचे मंत्री ऐकेनात. तेव्हा जानेवारी १८७४ मध्ये त्याने एकदम निवडणूक जाहीर केली आणि मतदारांना वचन दिलं की निवडून द्या, इन्कम टॅक्स रद्द करतो.

निकाल? हुजूर पक्ष सुमारे ३५०, उदारमतवादी सुमारे २४०. सपशेल पराभव.

मला हे वाचून नवल वाटलं. कर माफ करतो म्हणणारा हरतो कसा? कारणं बरीच होती. १८७२ च्या कायद्याने दारू दुकानांवर निर्बंध आल्याने दुकानदार चिडले होते, शाळांच्या कायद्यावरून त्याचेच पाठीराखे नाराज होते, आणि करकपातीची भाषा डिझरायलीही करतच होता. पण मला सगळ्यात पटलेलं कारण साधं गणिताचं आहे. १८६७ च्या सुधारणेने शहरातल्या कामगार कुटुंबप्रमुखांना मत मिळालं होतं, आणि वर्षाला शंभर पौंडांच्या आत कमावणाऱ्याला इन्कम टॅक्स नव्हताच! जो कर आपण भरत नाही तो माफ झाला काय, न झाला काय.

नंतर डिझरायलीच्या सरकारने कर २ पेन्सवर आणला. तो त्या शतकातला नीचांक. पण पुढे झुलू आणि अफगाण युद्धं आली, व्यापार मंदावला, १८७९ मध्ये पिकं बुडाली. शिलकीची तूट झाली. सरकारचं म्हणणं होतं की मंदीत लोकांवर कराचा बोजा टाकण्यापेक्षा थोडं कर्ज परवडलं. हा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, आजही अनेक अर्थतज्ज्ञ तो मान्य करतील. पण सत्तरीला आलेला ग्लॅडस्टन पेटून उठला. नोव्हेंबर १८७९ पासून स्कॉटलंडमधल्या मिडलोदियन मतदारसंघात त्याने सभांचा धडाका लावला. पंतप्रधानपद भूषवलेला माणूस हजारोंच्या गर्दीसमोर उभा राहून जमाखर्च वाचतोय, हे लोकांना नवीन होतं. १८८० मध्ये तो तिथे १३६८ विरुद्ध १५७९ मतांनी जिंकला आणि त्याचा पक्षही मोठ्या बहुमताने आला.

आणि मग? त्याच वर्षी त्याने इन्कम टॅक्स एका पेनीने वाढवला! १८८२ मध्ये इजिप्तवर फौज त्यानेच धाडली, खर्च वाढला. जून १८८५ मध्ये बिअर आणि स्पिरिटवरचा कर वाढवणाऱ्या बजेटवर त्याचं सरकार १२ मतांनी पडलं. १८५२ मध्ये त्याने दुसऱ्याचं जे केलं, तेच त्याच्या वाट्याला आलं.

यात आपला संबंध काय असं कुणी विचारेल. संबंध आहे, आणि तो बोचणारा आहे. अफगाण युद्धाच्या खर्चाचा मोठा वाटा हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडला होता. ग्लॅडस्टनच्या सरकारने ब्रिटनकडून ५० लाख पौंड दिले, पण बाकीचं ओझं इथल्या रयतेवरच राहिलं. इजिप्तच्या मोहिमेत तर हिंदी पलटणींच्या खर्चाचा वाटा त्याच्याच सरकारने इकडे ढकलला. पैसे भरणाऱ्याला हिशेब विचारायचा हक्क, हे तत्त्व समुद्र ओलांडून आलं नाही, कारण इथल्या माणसाला मत नव्हतं.

ते तत्त्व मग आपल्याच माणसांनी उचललं. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून, ग्लॅडस्टनच्याच पक्षातर्फे खासदार झाले. हिंदुस्थानच्या खर्चाच्या चौकशीसाठी १८९५ मध्ये वेल्बी आयोग नेमला गेला, त्यात ते सदस्य होते. १८९७ मध्ये पुण्याहून गोपाळ कृष्ण गोखले या आयोगापुढे साक्ष द्यायला गेले. तेही फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलेले! १९०२ मध्ये कलकत्त्याच्या कायदे मंडळात त्यांनी दाखवून दिलं की सरकारची शिल्लक भरभराटीची खूण नसून, दुष्काळाने पिचलेल्या लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याचा पुरावा आहे. तूट वाईट, हे ग्लॅडस्टनने सांगितलं. शिल्लकही वाईट असू शकते, हे गोखल्यांनी.

मार्च १८९४ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी, आरमाराच्या वाढत्या खर्चाला विरोध करत ग्लॅडस्टन पंतप्रधानपदावरून उतरला. म्हातारपणी तो हॉवर्डनच्या घरी झाडं तोडायचा, आणि स्वतःची हजारो पुस्तकं हातगाडीवर घालून गावातल्या नव्या ग्रंथालयात नेऊन द्यायचा. १९ मे १८९८ ला तो गेला. इन्कम टॅक्स मात्र अजून आहे, तिकडेही आणि इकडेही.

मग हा माणूस हरला का? माझं मत विचाराल तर दर किती पेन्स असावा या भांडणात तो हरला, आणि ते भांडण कधी संपणारही नाही. एक पक्ष म्हणणार कर कमी करा, दुसरा म्हणणार खर्च वाढवा, आणि तूट दिसली की दोघं एकमेकांकडे बोट दाखवणार. पण ते भांडण उघड्यावर, खऱ्या आकड्यांनिशी, पैसे भरणाऱ्यांसमोर व्हावं ही सवय त्याने लावली. दोन-चार वर्षांत आपल्याही पगारातून कर कापला जाईल. तेव्हा फक्त 'किती कापला' एवढंच न विचारता 'गेला कुठे' हेही विचारूया. तेवढं गणित तर आपल्याला नक्कीच येतं!