ओहोटीच्या वेळा सांभाळणारी एलन

आयर्लंड बेटाच्या नैऋत्य टोकाला अटलांटिक महासागर जमिनीत खोलवर शिरला आहे. त्या बँट्री उपसागराच्या काठी, बॅलीलिकी येथे १७ मार्च १७८५ रोजी एलन हचिन्सचा जन्म झाला. ती दोन वर्षांची असतानाच वडील वारले. डब्लिनजवळच्या शाळेत तिची प्रकृती ढासळली, तेव्हा कुटुंबाचे स्नेही डॉ. व्हिटली स्टोक्स यांनी तिला आपल्या घरी ठेवून घेतले. पुढे आजारी आई आणि अपंग भाऊ यांच्या शुश्रूषेसाठी तिला घरी परतावे लागले. मोकळ्या हवेत हिंडणे व्हावे आणि घरातही मन रमावे, म्हणून डॉक्टरांनी तिला वनस्पतींच्या अभ्यासाची वाट दाखवली.

१८०५ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या उद्यानाचे जेम्स मॅके यांच्याशी परिचय झाला आणि ती सागरी शैवालांकडे वळली. ओहोटी कोणासाठी थांबत नाही आणि रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्याला मर्जीने बाहेर पडता येत नाही. या दोन्हींतून उरलेल्या वेळात ती खडकांवर उतरे, होडीतून व्हिडी बेटापर्यंत जाई. गोळा केलेले शैवाल पाण्यात तरंगवून खालून कागद सरकवायचा, नाजूक फांद्या पसरवायच्या आणि दाबून वाळवायचे, असे हे चिकाटीचे काम. वाळल्यावर रंग उडतात, म्हणून ताज्या नमुन्यांची चित्रेही ती काढत असे.

इंग्लंडमधील ग्रेट यार्मथचे बँकर आणि शैवालतज्ज्ञ डॉसन टर्नर यांच्याशी १८०७ मध्ये सुरू झालेला तिचा पत्रव्यवहार सात वर्षे चालला. भेट मात्र कधीच झाली नाही. टर्नर यांच्या शैवालविषयक ग्रंथाला तिचे नमुने आणि चित्रे उपयोगी पडली. आपले नाव छापले जाऊ नये, अशी सुरुवातीला तिची इच्छा होती. पुढे ती राजी झाली. टर्नर यांच्या सूचनेवरून १८०९ ते १८१२ या काळात तिने आपल्या परिसरातील वनस्पतींची यादी केली. ती सुमारे ११०० जातींपर्यंत पोहोचली. एकाच परिसराची इतकी बारकाईने घेतलेली नोंद त्या काळी विरळाच.

१८१४ मध्ये आई गेली. तोवर एलनची स्वतःची प्रकृतीही पार खालावली होती. ९ फेब्रुवारी १८१५ रोजी, वयाची तिशीही गाठण्यापूर्वी तिचे निधन झाले. बँट्रीतील तिच्या थडग्यावर नावही नव्हते. नामफलक लागला तो थेट २०१५ मध्ये. दरम्यानची दोनशे वर्षे तिचे नाव विज्ञानाने सांभाळले. ‘क्लॅडोफोरा हचिन्सिए’ हे हिरवे शैवाल त्याच नावाने ओळखले जाते. तिचे नमुने लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात, तर चित्रे क्यू उद्यानाच्या संग्रहात आहेत. त्या किनाऱ्यावर दोन शतकांपूर्वी काय वाढत होते, याची साक्ष आजही तेच कागद देतात.