उशिरा उघडलेले दार

टोनी स्टोन हे नाव क्रिकेटवेड्या भारतात फारसे कोणाला ठाऊक नसेल. निवृत्तीनंतर अमेरिकेतील वर्णभेदाचा इतिहास नव्याने वाचताना या बेसबॉलपटू स्त्रीचे चरित्र माझ्यासमोर आले आणि मनात घर करून राहिले.

१९२१ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात जन्मलेल्या मार्सेनिया लाइल स्टोनचे बालपण मिनेसोटातील सेंट पॉल शहरात गेले. मुलीने या खेळाच्या नादी लागावे, हे आईवडिलांना रुचत नव्हते. तरीही किशोरवयातच ती पुरुषांच्या संघांतून खेळू लागली. पुढे टोनी हे नाव धारण करून आणि वय दहा वर्षांनी कमी सांगून तिने १९४९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सी लायन्स या व्यावसायिक संघात स्थान मिळवले.

त्या काळी स्त्रियांची स्वतंत्र व्यावसायिक लीग अस्तित्वात होती. परंतु तिचे दार कृष्णवर्णीय स्त्रियांना बंद होते. राहता राहिली कृष्णवर्णीय पुरुषांची नीग्रो लीग. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनने मेजर लीगमधील वर्णबंदी मोडल्यावर गुणी खेळाडू तिकडे वळले आणि त्यांच्यामागे प्रेक्षकही गेले. १९५२ मध्ये इंडियानापोलिस क्लाउन्सने तरुण हँक आरोन गमावला. पुढच्याच वर्षी त्या संघाने टोनीला सेकंड बेसवर उभे केले.

मालकाला गर्दी खेचणारे नावीन्य हवे होते, तर टोनीला खेळायचे होते. स्कर्ट घालून मैदानात उतरण्याची सूचना तिने धुडकावली. बेसकडे धावत येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांच्या बुटांच्या खिळ्यांचे वण तिने अंगावर वागवले. त्या हंगामातील तिची फलंदाजीची सरासरी ०.२४३ होती, म्हणजे साधारण चार संधींत एक यशस्वी फटका. १९५४ मध्ये ती कॅन्सस सिटी मोनार्क्सकडे गेली. तेथे तिचा बराच वेळ बाकावर गेला आणि हंगामाअखेर तिने निवृत्ती पत्करली. नंतर तिने परिचारिकेचे काम केले. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात तिचे निधन झाले.

प्रशासनात मी अनेकदा पाहिले, की एखाद्या पदाचा मान ओसरल्यावरच ते स्त्रीकडे सोपवण्याचे औदार्य सुचते. टोनीच्या वाट्यालाही दार उघडले ते घर रिकामे होऊ लागल्यावर. आपल्याकडे २०२२ मध्ये क्रिकेट मंडळाने स्त्री-पुरुषांना समान सामना मानधन जाहीर केले, २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली. खेळ भरात असताना मिळालेली ही संधी मोलाची आहे. मात्र मानधन सामन्यागणिक मिळते आणि भारतीय स्त्रियांच्या वाट्याला कसोटी सामने आजही क्वचितच येतात. म्हणून समतेचा हिशेब मांडताना मानधनाच्या रकमेशेजारी सामन्यांची संख्याही लिहिली जावी, अशी माझी अपेक्षा आहे.