भिकाऱ्याच्या वेषांतील धर्मगुरू : संत जुझे वाझ

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं आम्ही वाचकांपुढें गोमंतकांतील एका सत्पुरुषाचें चरित्र थोडक्यांत ठेवूं इच्छितों.

संत जुझे वाझ यांचा जन्म ता. २१ एप्रिल १६५१ रोजीं गोव्यांतील बाणावली गांवीं झाला. १६७६ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. त्या काळीं सिंहलद्वीपाचा किनारा डचांच्या ताब्यांत होता. त्यांनीं कॅथलिक धर्मगुरूंस तेथें बंदी केल्यामुळें तेथील श्रद्धावंत कित्येक वर्षें मिसेवांचून दिवस कंठीत होते. ही वार्ता ऐकून वाझ यांचें अंतःकरण कळवळलें. १६८६ सालीं त्यांनीं गोवा सोडिला, धर्मगुरूचा झगा उतरवून मजुराचा वेष घेतला आणि १६८७ सालीं ते जाफना येथें पोंचले.

वाटेंतील हाल व अतिसार यांनीं त्यांचें शरीर अगदीं खंगून गेलें होतें. अशा निराश्रित स्थितींत कोणा दयाळू जीवानें त्यांस पेज आणून दिली. हा धर्मगुरू आहे हें त्या देणाऱ्यास ठाऊक नव्हतें. हा भुकेला आहे, एवढेंच दिसत होतें. बरें वाटतांच वाझ गळ्यांत जपमाळ घालून दारोदार भीक मागूं लागले. जपमाळ पाहून कोणाची मुद्रा बदलते, हें ते न्याहाळीत. अशा रीतीनें त्यांस आपलीं माणसें सांपडलीं, आणि रात्रीच्या अंधारांत पुन्हां मिसा होऊं लागल्या.

१६९२ सालीं ते कँडीच्या राज्यांत गेले. तेथें त्यांस पोर्तुगीजांचा हेर समजून कैदेंत टाकण्यांत आलें. परंतु त्यांचें निर्मळ आचरण पाहून राजा विमलधर्मसूर्य याचा संशय फिटला. १६९७ सालीं तेथें देवीची सांथ आली. लोक आजाऱ्यांस टाकून पळूं लागले, तेव्हां ह्याच संशयितानें धर्मभेद न पाहतां त्यांची शुश्रूषा केली. ता. १६ जानेवारी १७११ रोजीं त्यांनीं कँडी येथें देह ठेविला. ता. १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं कोलंबो येथें त्यांस संतपद दिलें.

मनुष्य एकच, परंतु कोणास तो भिकारी दिसला, तर कोणास हेर. पेज देणाऱ्यानें आधीं त्याचें कुलशील विचारलें असतें, तर कदाचित् तो तेथेंच मरता, आणि ते श्रद्धावंत आणखी किती काळ वाट पाहत राहते कोण जाणे!

आपल्या पिंपळे सौदागरांत आज नाना प्रांतांतील लोक येऊन राहिले आहेत. उंच इमारतींत राहणारे आहेत, तसेच त्या बांधणारे मजूर व त्यांच्या दारावरील पहारेकरीही आहेत. रविवारीं मिसेस आल्यावर मागच्या बांकावरील साध्या वस्त्रांतल्या माणसाची विचारपूस आपण करितों काय? आम्हीही ह्या दोषापासून मुक्त नाहीं. संत जुझे वाझ यांच्या विनंतीनें, माणसाच्या वस्त्रापलीकडे पाहण्याची दृष्टि प्रभु आम्हां सर्वांस देवो.