संत इग्नासी लोयोला यांचा धीर व चिकाटी



ज्युबिलीच्या या पुस्तिकेंत एखाद्या संताचें चरित्र द्यावें असें ठरलें, तेव्हां आमच्या मनांत प्रथम संत इग्नासी लोयोला यांचें नांव आलें. त्याचें कारण असें. धर्मग्रामांतील घरोघरीं जातांना एकच खंत आमच्या कानीं येते. उपवासकाळाच्या आरंभीं केलेला निश्चय पुनरुत्थानाच्या सणापर्यंत टिकत नाहीं. तोच राग, तेंच व्यसन, तोच आळस पुनः पुनः डोकें वर काढतो. आणि मग माणूस सुधारण्याची आशाच सोडून देतो. आम्हां धर्मगुरूंनाही हा अनुभव परका नाहीं. अशा थकलेल्या मनाला इग्नासींच्या चरित्रासारखें दुसरें औषध क्वचितच सांपडेल.

इग्नासी यांचा जन्म १४९१ सालीं स्पेन देशाच्या उत्तरेस, बास्क प्रांतांतील लोयोला येथील सरदार घराण्यांत झाला. तारुण्यांत शौर्य व मानमरातब यांखेरीज त्यांना दुसरें कांहीं सुचत नसे. २० मे १५२१ रोजीं पांप्लोना येथील किल्ल्याच्या बचावांत तोफेच्या गोळ्यानें त्यांचा एक पाय मोडला व दुसरा जखमी झाला. हाड नीट बसलें नाहीं म्हणून तें पुनः मोडून बसविण्यांत आलें. तरीही गुडघ्याखालीं हाडाचा एक तुकडा पुढें आलेला दिसूं लागला. तंग बूट घालतां यावा एवढ्यासाठीं त्यांनीं तो तुकडा कापवून घेतला. देहाच्या शोभेसाठीं इतकें सोसणारा हा पुरुष आत्म्यासाठीं सोसावयास अजून शिकावयाचा होता. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनीं वीरांच्या अद्भुत कथा वाचावयास मागितल्या. परंतु घरांत प्रभु ख्रिस्ताचें चरित्र व संतांचीं चरित्रें एवढींच पुस्तकें निघालीं. तीं वाचतां वाचतां त्यांचें मन पालटलें.

मन पालटलें, परंतु स्वभाव एका रात्रींत पालटत नसतो. १५२२ सालीं मोन्सेरात येथें पवित्र मातेच्या वेदीपाशीं आपली तलवार ठेवून ते मान्रेसा गांवीं आले. किल्ला जिंकावा तशी पवित्रताही एका हल्ल्यांत जिंकतां येईल अशी त्यांची समजूत होती. त्यांनीं कडक उपास केले, केस व नखें वाढविलीं, तासन्‌तास प्रार्थना केली. फळ काय झालें? केलेल्या पापांची कबुली पुरी झाली नाहीं या शंकेनें त्यांना घेरलें. तींच पापें ते पुनः पुनः निवेदन करीत, तरी शांति मिळेना. ही व्यथा इतकी वाढली कीं जीव देण्याचे विचारही मनांत येऊं लागले. अखेर हें अस्वास्थ्य देवापासून नाहीं हें त्यांनीं ओळखलें व जुन्या पापांची उजळणी थांबविली. स्वतःविषयींचा उतावळेपणा हाही एक प्रकारचा गर्वच असतो, हा धडा त्यांना तेथें मिळाला.

१५२३ सालीं ते यरुशलेमास गेले. तेथेंच राहण्याची त्यांची इच्छा होती. पण तेथील फ्रान्सिस्कन वरिष्ठांनीं परत जाण्याची आज्ञा केली आणि ती त्यांनीं पाळली. लोकांच्या आत्म्यांची सेवा करावयाची तर विद्या हवी, असें ठरवून ते १५२४ मध्यें बार्सेलोनास आर्देव्होल नांवाच्या शिक्षकांकडे लॅटिन शिकूं लागले. वय तेहतीस, आणि सोबती लहान मुलें! क्रियापदें पाठ करावयास बसलें कीं मन सुंदर आध्यात्मिक विचारांनीं भरून येई व पाठ राहून जाई. प्रार्थनेच्या वेळीं मात्र असें कांहीं होत नसे. यावरून हा मोह आहे हें त्यांनीं ताडलें. ते शिक्षकांना सांता मरिया देल मार या देवळांत घेऊन गेले, सर्व कांहीं सांगितलें, आणि दोन वर्षें एकही पाठ न चुकविण्याचें वचन दिलें. कर्तव्य टाळण्यासाठीं भक्तीचीही सबब होऊं शकते, ही गोष्ट आपण सर्वांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

पुढें आल्काला व सालामांका येथें त्यांच्या शिकवणीविषयीं संशय घेतला गेला. दोन्ही ठिकाणीं त्यांना तुरुंगवास घडला. शिवाय घाईघाईनें अनेक विषय एकदम हातीं घेतल्यामुळें विद्येचा पायाही कच्चा राहिला होता. १५२८ च्या फेब्रुवारींत ते पॅरिसला पोहोंचले आणि तेथें, सदतिसाव्या वर्षाच्या सुमारास, मुलांच्या वर्गांत बसून लॅटिन पुनः आरंभापासून शिकले. पोटासाठीं भिक्षा मागावी लागे. प्रकृति तर खालावलेलीच होती. तेथील विद्यापीठाची मास्टर ही पदवी त्यांना १५३५ सालीं मिळाली, म्हणजे बार्सेलोनाच्या त्या पहिल्या पाठापासून अकरा वर्षांनीं.

या अनुभवांतूनच त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाची वाढ झाली. त्यांत दोष जिंकण्याची एक साधी रीत दिली आहे. एका वेळीं एकच दोष निवडावा. सकाळीं उठतांच त्याविरुद्ध निश्चय करावा. दोषांत पडतांच छातीवर हात ठेवून खेद करावा. दुपारीं व रात्रीं जेवणानंतर तपासणी करून जितक्या वेळां पडलों तितक्या खुणा रेघेवर कराव्या. मग दिवसाशीं दिवस व आठवड्याशीं आठवडा ताडून पाहावा. खुणा मुळींच नसाव्या अशी अपेक्षा तेथें नाहीं. त्या कमी होत आहेत कीं नाहींत एवढेंच पाहावयाचें आहे.

आणि या धिम्या चालीचें फळ केवढें! पॅरिसमध्यें पीटर फाबर व फ्रान्सिस झेवियर हे त्यांच्या खोलींतील सोबती होते. झेवियर प्रारंभीं त्यांना दाद देत नसत. इग्नासींनीं त्यांच्याशींही धीरच धरला. १५ ऑगस्ट १५३४ रोजीं मोंमार्त्र येथें सात मित्रांनीं देवापुढें व्रत घेतलें. १५३७ सालीं इग्नासींना गुरुदीक्षा मिळाली, व १५४० मध्यें पोप तिसरे पॉल यांनीं येशूसंघास मान्यता दिली. झेवियर ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरले. त्याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स यांनीं आपली मराठी भाषा शिकून ‘क्रिस्तपुराण’ रचलें. तें १६१६ सालीं छापलें गेलें. ३१ जुलै १५५६ रोजीं रोम येथें इग्नासी निवर्तले, आणि १२ मार्च १६२२ रोजीं झेवियर यांच्याबरोबरच ते संत म्हणून जाहीर झाले.

वाचकहो, कोणतेंही देऊळ एका दिवसांत उभें राहत नाहीं. दगडावर दगड बसावा लागतो, आणि चुकीचा बसलेला दगड काढून पुनः बसवावा लागतो. मग देवाचें मंदिर असा आपला आत्मा एका उपवासकाळांत पूर्ण व्हावा असा हट्ट कां धरावा? ज्युबिलीच्या या वर्षीं प्रत्येकानें आपला एकच दोष निवडावा आणि रात्रीं निजण्यापूर्वीं त्या दिवसाच्या खुणा प्रामाणिकपणें मोजाव्या. उद्यां एक खूण कमी झाली तर देवाचे आभार मानावे. एक अधिक झाली तर निराश न होतां परवां पुनः आरंभ करावा. सदतिसाव्या वर्षीं मुलांच्या वर्गांत पुनः जाऊन बसणारे संत इग्नासी आपल्यासाठीं प्रभूजवळ विनंती करोत.