चार कामं, एक टर्म आणि अर्धा मेक्सिको

एमएससाठी कॅलिफोर्नियाला जायचं स्वप्न आपल्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक-दोघांचं तरी असतंच. तिथल्या शहरांची नावं एकदा मोठ्याने म्हणून बघा. सॅन फ्रान्सिस्को, सॅन होजे, लॉस एंजेलिस, सॅक्रामेंटो. ही इंग्रजी नावं नाहीत, स्पॅनिश आहेत. कारण १८४८ पर्यंत हा सगळा भाग मेक्सिकोचा होता. तो अमेरिकेकडे आला, त्यामागे सगळ्यात मोठा हात एका माणसाचा होता. तो म्हणजे अमेरिकेचे अकरावे राष्ट्राध्यक्ष जेम्स नॉक्स पोल्क.

वॉशिंग्टन आणि लिंकन आपल्याला शाळेपासून माहीत असतात. पोल्क मात्र परीक्षेपुरतेही भेटत नाहीत. पण आज अमेरिकेचा जो नकाशा आपण बघतो, तो त्यांच्या चार वर्षांत पॅसिफिक महासागराला जाऊन भिडला.

भूल न देता ऑपरेशन

पोल्क यांचा जन्म २ नोव्हेंबर १७९५ रोजी नॉर्थ कॅरोलायनात झाला. दहा भावंडांत ते थोरले. लहानपणीच घरचे टेनेसीला राहायला गेले. मुलगा कायम आजारी. सतरा वर्षांचे असताना मूतखड्याचं ऑपरेशन करावं लागलं. भूल द्यायची पद्धत यायला अजून तीसेक वर्षं होती, त्यामुळे ब्रँडी पाजून, घट्ट धरून ठेवून ऑपरेशन झालं. ते वाचले, पण पुढे त्यांना मूलबाळ झालं नाही. त्याचं कारण हे ऑपरेशनच असावं, असं बऱ्याच इतिहासकारांना वाटतं.

दुखणं संपल्यावर मात्र हा मुलगा अभ्यासाला असा काही लागला की १८१८ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून पहिल्या नंबराने बाहेर पडला. मग वकिली, मग राजकारण. १८२४ मध्ये सारा चिल्ड्रेस यांच्याशी लग्न झालं. सारा शिकलेल्या आणि राजकारणाची उत्तम जाण असलेल्या. नवऱ्याची भाषणं, पेपर, पत्रव्यवहार या सगळ्यात त्यांचा हात असायचा. पोल्क चौदा वर्षं प्रतिनिधिगृहात होते, त्यातली चार वर्षं स्पीकर. नंतर टेनेसीचे गव्हर्नर झाले आणि पुढच्या दोन निवडणुका लागोपाठ हरले. करिअर संपलं, असंच सगळे धरून चालले होते.

डार्क हॉर्स

१८४४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन बाल्टिमोरला भरलं. पोल्क यांना फार तर उपराष्ट्राध्यक्षपदाची आशा होती. पण टेक्सास अमेरिकेत घ्यायचं की नाही, यावर पक्ष फुटायला आला. माजी राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरेन यांनी विरोध केला आणि त्यांना पुरेशी मतं पडेनात. शेवटी नवव्या फेरीत पोल्क यांचं नाव पक्कं झालं. विरोधकांनी टर उडवली, की हा पोल्क आहे तरी कोण! पण निवडणूक पोल्क यांनीच जिंकली. न्यूयॉर्क राज्यात त्यांना हेन्री क्ले यांच्यापेक्षा जेमतेम ५ हजार मतं जास्त पडली. ते राज्य गेलं असतं, तर राष्ट्राध्यक्षपदही गेलं असतं.

त्या काळात अमेरिकेत एका विचाराची हवा होती. अख्खा खंड आपलाच, तिथे पसरणं हे देवानेच आपल्या कपाळी लिहून ठेवलंय, असा तो विचार. १८४५ मध्ये जॉन ओसलिव्हन या पत्रकाराच्या मासिकात त्याला नाव मिळालं, ‘मॅनिफेस्ट डेस्टिनी’. म्हणजे सगळ्यांना स्वच्छ दिसणारं विधिलिखित. त्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवाशांना आणि मेक्सिकन लोकांना हे विधिलिखित कुणी विचारून लिहिलं नव्हतं. चेरोकींसारख्या जमातींना त्यांच्या भूमीतून हाकलायचा कायदा १८३० मध्ये झाला, तेव्हा पोल्क त्याच्या बाजूनेच होते.

टू-डू लिस्ट

पोल्क यांनी आधीच सांगून टाकलं होतं, एकच टर्म करणार. आणि त्यात करायची कामं चार. आयात कर कमी करायचा, सरकारी पैशासाठी स्वतंत्र खजिना उभा करायचा, ओरेगॉनचा वाद मिटवायचा आणि कॅलिफोर्निया मिळवायचा.

ओरेगॉनवर ब्रिटनचाही दावा होता. पक्षातले लोक सगळा प्रदेश मागत होते. पण समोर ब्रिटिश आरमार होतं. जून १८४६ मध्ये पोल्क यांनी ४९ अक्षांशावर तडजोड केली. मेक्सिको मात्र कमजोर होता, तिथे वागणं वेगळं होतं. आधी जमीन विकत घ्यायला दूत पाठवला. मेक्सिकोने त्याला भेटही दिली नाही. मग पोल्क यांनी दोन्ही देश हक्क सांगत असलेल्या पट्ट्यात, रिओ ग्रांदे नदीकडे सैन्य पाठवलं.

९ मे १८४६ ला मंत्रिमंडळाची बैठक झाली. सीमेवर चकमक झाल्याची बातमी अजून आलीच नव्हती, तरी युद्ध मागायचं जवळपास ठरलं होतं. बातमी आली त्याच संध्याकाळी. मग पोल्क यांनी काँग्रेसला सांगितलं की आपल्या भूमीवर आपल्या माणसांचं रक्त सांडलंय. १३ मेला युद्ध जाहीर झालं.

सगळ्यांना हे पटलं नव्हतं. अब्राहम लिंकन नावाच्या नवख्या खासदाराने विचारलं, रक्त सांडलं ती जागा नेमकी कुठली ते दाखवा. हेन्री डेव्हिड थोरो यांनी गुलामगिरी चालू ठेवणाऱ्या सरकारला कर द्यायचा नाकारला आणि जुलै १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढली. त्यातून आलेला त्यांचा सविनय कायदेभंगावरचा निबंध पुढे गांधीजींनी वाचला.

सप्टेंबर १८४७ मध्ये मेक्सिको सिटी पडली. चापुल्तेपेकच्या किल्ल्यावर लष्करी शाळेतले विद्यार्थी लढताना मारले गेले. आपल्यापेक्षाही लहान मुलं! त्यांचं स्मारक आजही तिथे आहे. २ फेब्रुवारी १८४८ ला तह झाला. दीड कोटी डॉलरच्या बदल्यात कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा आणि आजूबाजूचा मोठा भाग अमेरिकेला मिळाला. टेक्सास धरलं तर मेक्सिकोची निम्म्याहून जास्त जमीन गेली. त्याआधी नऊच दिवस कॅलिफोर्नियात सोनं सापडलं होतं, पण तहावर सह्या करणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

किंमत कुणी मोजली?

चारही कामं झाली. पण सुमारे १३ हजार अमेरिकन सैनिक मेले, बहुतेक रोगराईने. मेक्सिकोचीही हजारो माणसं गेली. सोन्यामागे आलेल्या गर्दीत कॅलिफोर्नियाच्या मूळ रहिवाशांची दैना झाली. कत्तली, रोग आणि उपासमार यांमुळे दीड लाखांच्या आसपास असलेली त्यांची संख्या १८७० पर्यंत ३० हजारांवर आली.

आणि नव्या जमिनीत गुलामगिरी चालणार का, हा प्रश्न देशासमोर उभा राहिला. पोल्क स्वतः गुलामांचे मालक होते. राष्ट्राध्यक्ष असतानाही ते मध्यस्थांमार्फत गुपचूप गुलाम विकत घेत होते, त्यात लहान मुलंही होती. या प्रश्नाचा निकाल शेवटी १८६१ च्या यादवी युद्धात लागला. मेक्सिकोत एकत्र लढलेले ग्रँट आणि ली तिथे समोरासमोर आले.

हे बघायला पोल्क नव्हते. चार वर्षं दिवसरात्र काम करून ते पार थकले होते. ४ मार्च १८४९ ला पद सोडलं आणि १५ जूनला नॅशव्हिलला कॉलराने गेले. वय फक्त ५३. सारा पुढे ४२ वर्षं त्याच घरात राहिल्या.

ठरवलं ते सगळं करून दाखवणारा माणूस आपल्याला आवडतो. पोल्क यांच्याबद्दल वाचताना मलाही आधी भारी वाटलं होतं. मग मूळ रहिवाशांचा आकडा वाचला आणि त्या चार कामांच्या यादीकडे बघायची नजर बदलली. पुढच्या वेळी एखाद्या मित्राला सॅन होजेला जाण्यासाठी एअरपोर्टवर सोडायला गेलात, तर त्या नावाची ही गोष्ट त्याला नक्की सांगा.